एक नाव, दोन राजधान्या

समजा तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोडोलीला राहता. पुण्याच्या मामाने तुमच्यासाठी पुस्तकांचे एक पुडके टपालात टाकले आणि घाईघाईत पत्त्यावर एवढेच लिहिले : 'मुक्काम पोस्ट कोडोली'. पुडके कुठे जाईल? तुमची कोडोली पन्हाळा तालुक्यात, वारणा नदीच्या दक्षिणेला. पण साताऱ्याला लागूनच, सातारा तालुक्यात, आणखी एक कोडोली आहे. पुण्याहून येताना सातारा आधी लागतो. तेव्हा पुडके तिकडेच उतरले तर टपालवाल्याला दोष देता येणार नाही.

पुडके उशिरा मिळाले तर फार बिघडत नाही. पण हाच घोटाळा इतिहासात झाला तर? आठशे वर्षांपूर्वीच्या एका ताम्रपटात राजधानीचे नाव कोरलेले आहे, त्या नावाची दोन गावे आहेत आणि आपण चुकीचे गाव धरले, तर एका राजाचे राज्य आपण त्याने कधी न पाहिलेल्या डोंगरावर नेऊन ठेवू. मग त्या राजाच्या लढाया, त्याने दिलेली दाने, त्याच्या राज्याची सीमा, सगळेच नकाशावर सरकेल. अशी चूक करणे फार सोपे आहे. ती टाळता कशी येते, हे आज पाहू या. त्यासाठी कोडोलीपासून दूर जायची गरज नाही.

कोडोलीच्या दक्षिणेला ज्योतिबाचा डोंगर आहे. चैत्रात तिथे जत्रा भरते, सासनकाठ्या नाचतात, गुलालाने डोंगर लाल होतो. त्या डोंगरावरच्या गावाचे कागदोपत्री नाव काय आहे, ठाऊक आहे? वाडी रत्नागिरी. कोकणातली रत्नागिरी निराळी. ती समुद्रकाठी आहे आणि जिल्ह्याचे ठाणे आहे. आणखी एक रत्नागिरी ओडिशात आहे, तिथे जुन्या बौद्ध विहाराचे मोठे अवशेष सापडले आहेत. म्हणजे एका नावाची तीन ठिकाणे आणि तिघांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. डोंगर दिसला, तो देवाचा म्हणून मोलाचा वाटला, की 'रत्नगिरी' हे नाव कोणालाही सुचू शकते.

कोडोलीच्या नैऋत्येला पन्हाळा आहे. आपली खरी गोष्ट इथून सुरू होते.

पन्हाळ्याचे तीन पोशाख

पन्हाळा म्हटले की शिवाजी महाराज, सिद्दी जौहरचा वेढा आणि १६६० सालची ती पावसाळी रात्र आठवते. पण गड त्याहून पुष्कळ जुना आहे. बाराव्या शतकात कोल्हापूरच्या परिसरावर शिलाहार घराण्याचे राज्य होते. गंडरादित्य, विजयादित्य आणि दुसरा भोज ही त्यांतली मोठी नावे. दुसऱ्या भोजाने पन्हाळ्याला राजधानीचा मान दिला. पुढे अठराव्या शतकात ताराराणींनीही पन्हाळ्यावरूनच कारभार केला. तेव्हा पन्हाळा ही एकदा नव्हे, दोनदा राजधानी झालेली जागा आहे.

आता या नावाकडे जरा बारकाईने पाहा. शिलाहारांच्या काळातल्या संस्कृत लेखनात याची 'प्रणालक' आणि 'पद्मनाल' अशी रूपे येतात. शिवाजी महाराजांनी १६७३ साली गड परत जिंकला, त्या प्रसंगावर जयराम पिंड्ये या कवीने संस्कृत काव्य रचले. त्याचे नाव 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. म्हणजे इथे पन्हाळ्याचा 'पर्णाल' झाला. गावकरी मात्र आपले पन्हाळाच म्हणत आले.

मग मूळ शब्द कोणता? संस्कृतात 'प्रणाल' म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली. मराठीत त्याचाच 'पन्हळ' झाला. छपराचे पाणी ज्यातून वाहून जाते ती पन्हळ तुम्ही पाहिली आहे. गोठ्यावर, शाळेवर घातलेल्या नागमोडी पत्र्यांनाही आपण 'पन्हळी पत्रे' म्हणतो. बोलीत शब्दाच्या आरंभीचा 'प्र' झिजून 'प' होतो, जसे प्रस्तराचे पत्थर झाले. 'ल'चा 'ळ' होतो, जसे फलाचे फळ. अशा वाटेने प्रणालाचा पन्हाळा झाला. 'पद्मनाल' म्हणजे कमळाचा देठ आणि 'पर्ण' म्हणजे पान; हे अर्थ पंडितांनी मागाहून चढवलेले दिसतात. गावचे नाव साधे असले, की शिकलेल्या माणसाला ते जरा सजवावेसे वाटते. ही खोड फार जुनी आहे आणि अजून गेलेली नाही.

पण या अर्थावरून एक शंका मनात यायला हवी. सह्याद्रीत पाण्याच्या वाटांना काय तोटा? डोंगरातून पाणी घळीत उतरते ते प्रत्येक ठिकाण 'पन्हळ'च आहे. मग पन्हाळा एकच कसा असेल?

तो एक नाहीच.

दुसरा पन्हाळा

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, कोटजाई नदीच्या काठी पन्हाळे काजी नावाचे गाव आहे. आपल्या पन्हाळ्यापासून ते सरळ रेषेत मोजले तरी शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, घाटाखाली आहे. तिथे खडकात कोरलेली २९ लेणी आहेत. आधी हीनयान बौद्धांची, मग वज्रयान पंथाची आणि शेवटी नाथपंथीयांची, अशी कित्येक शतके त्या एकाच खडकावर छिन्नी चालत राहिली.

या पन्हाळ्याला शिलाहारांचा एक ताम्रपट सापडला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले दानपत्र. त्या काळचा हा सात-बाराच समजा. त्यावर साल आहे शके १०६१. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे हे ११३९ साल. ताम्रपटात अपरादित्य राजाचा मुलगा विक्रमादित्य याचे नाव आहे. बापाने त्याला दक्षिण कोकणच्या कारभारावर नेमले होते. आणि त्याच्या राजधानीचे नाव आहे प्रणालक.

आता तुम्हीच विचार करा. ताम्रपट शिलाहारांचा, शतक बारावे, राजधानीचे नाव प्रणालक. ज्याला फक्त कोल्हापूरचा इतिहास माहीत आहे तो काय म्हणेल? 'यात शंका कसली, हा आमचा पन्हाळा!' आणि तो साफ चुकेल.

कसा, ते पाहा. शिलाहारांची तीन घराणी होती. एक उत्तर कोकणात, त्यांचे ठाणे म्हणजे आजचे ठाणेच. दुसरे दक्षिण कोकणात. तिसरे घाटावर, कोल्हापूरला. यांपैकी दक्षिण कोकणचे घराणे अकराव्या शतकाच्या आरंभीच संपले होते. अपरादित्य हा उत्तर कोकणच्या घराण्यातला. रिकाम्या पडलेल्या दक्षिण कोकणावर त्याने आपला मुलगा नेमला, हे जुळते. पण घाटावरचा पन्हाळा तेव्हा त्याच्या ताब्यात नव्हता. तिथे कोल्हापूरचे घराणे नांदत होते. कोकणच्या राजाचा मुलगा भाऊबंदांच्या गडावर आपली राजधानी कशी करील? शिवाय ताम्रपटात दक्षिण कोकणचा उल्लेख आहे आणि तो सापडलाही कोकणात, त्याच नावाच्या गावात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा अभ्यास करून १९८६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच पन्हाळे काजी म्हणजे प्राचीन प्रणालक, असे नोंदवले आहे.

म्हणजे बाराव्या शतकात एकाच आडनावाच्या दोन राजघराण्यांची, एकाच नावाची दोन ठाणी होती. एक घाटावर, एक घाटाखाली.

सापडले कुठे, यावर विसंबू नका

इथे एक हुशार विद्यार्थी म्हणेल, 'यात अवघड ते काय? ताम्रपट कोकणात सापडला तर कोकणातले गाव धरायचे, देशावर सापडला तर देशावरचे.' युक्ती बरी आहे, पण ती फसवते.

रत्नागिरी जिल्ह्यातच, राजापूर तालुक्यात, कशेळी नावाचे गाव आहे. तिथल्या कनकादित्याच्या देवळात एक ताम्रपट जपून ठेवलेला आहे. तो शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा. तो कोकणात सापडला, दानही कोकणातले. पण देणारा राजा आहे कोल्हापूरचा दुसरा भोज, आणि त्यात आलेला 'पद्मनाल' किल्ला म्हणजे घाटावरचा आपला पन्हाळा. तुमची युक्ती लावली असती तर या किल्ल्याला आपण कोकणात शोधत बसलो असतो.

याचे कारण सोपे आहे. शिलालेख जड असतो; तो बहुधा कोरला तिथेच राहतो. ताम्रपट हा मात्र ज्याला दान मिळाले त्याच्या घरी जातो. तो त्याचा मालकीचा कागद. घराणे गाव सोडून गेले तर पत्राही पेटीत घालून बरोबर नेतात. म्हणून ताम्रपट सापडल्याची जागा हा एक पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. देणारा राजा कोण, त्याचा बाप-आजा कोण, साल कोणते, दान दिलेल्या गावाच्या चारी दिशांना कोणती गावे, नद्या, ओढे सांगितले आहेत, हे सगळे जुळवावे लागते. चार सीमा सांगण्याची ही पद्धत फार उपयोगाची आहे. एका नावाची दोन गावे सहज मिळतात. पण पूर्वेला अमुक गाव, पश्चिमेला तमुक ओढा आणि उत्तरेला तीच नदी, असे चारही शेजारी सारखे असलेली दोन गावे मिळणे जवळजवळ अशक्य. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एकत्र करून १९७७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांना लेखालेखांत अशीच गावे नकाशावर धुंडाळावी लागली.

कल्याण कोणते?

शिलाहारांच्याच गोष्टीत आणखी एक चकवा आहे आणि तो शाळेच्या परीक्षेत नेहमी भेटतो. कोल्हापूरचे शिलाहार हे 'कल्याणीच्या चालुक्यां'चे मांडलिक होते. या चालुक्यांची राजधानी कल्याण. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या सोमेश्वराच्या काळात ही राजधानी नावारूपाला आली. त्याआधी ती मान्यखेटला, म्हणजे आजच्या मालखेडला होती. कोऱ्या नकाशात कल्याण दाखवा म्हटले, की पुष्कळ विद्यार्थी पेन्सिल सरळ मुंबईशेजारी टेकवतात. आगगाडीने गेलेले कल्याण तेवढे एकच ठाऊक असते!

चालुक्यांचे कल्याण म्हणजे कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाल्यानंतर त्याला हे नाव मिळाले, ते बाराव्या शतकात तिथे कार्य केलेल्या महात्मा बसवेश्वरांवरून. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' हा हिंदू कायद्यावरचा प्रसिद्ध ग्रंथ तिथेच लिहिला. ठाणे जिल्ह्यातले कल्याण तिथून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर दूर. ते राजधानी नव्हते, पण कमी जुनेही नाही. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात हे बंदर 'कल्लिएना' म्हणून येते.

गंमत अशी, की शिलाहारांच्या ठाण्याच्या घराण्याला खाडीवरचे कल्याण हाकेच्या अंतरावर होते आणि कोल्हापूरच्या घराण्याचा धनी दुसऱ्या कल्याणला बसत होता. म्हणून शिलाहारांच्या लेखात 'कल्याण' आले, की आधी विचारायचे : लेख कोणत्या घराण्याचा?

चंद्रपूरचेही असेच आहे. विदर्भातले चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. तिचा दगडी परकोट अजून उभा आहे. आणि गोव्यात सासष्टी तालुक्यात चांदोर नावाचे गाव आहे, ते प्राचीन चंद्रपूर. भोज नावाच्या घराण्याच्या देवराज राजाचा शिरोड्याला सापडलेला ताम्रपट या चंद्रपुराहून दिलेला आहे. पुढे गोव्याचे कदंबही तिथे होते. (हे भोज घराणे आणि कोल्हापूरचा भोज राजा यांचाही घोटाळा करू नका. माणसांच्या नावांची कथा गावांसारखीच आहे.) विदर्भातले गाव लोकांच्या तोंडी चांदा आणि गोव्यातले चांदोर, दोघांच्याही मुळाशी चंद्रच आहे. अंतर मात्र साडेसातशे किलोमीटरांच्या आसपास.

नावे अशी पुन्हा पुन्हा का येतात? कारण नाव ठेवायला माणसाजवळ सामग्री थोडी असते. वड दिसला की वडगाव, पिंपळ दिसला की पिंपळगाव, बोरीचे झाड दिसले की बोरगाव. संस्कृत 'ग्राम'चा गाव, 'पल्ली'ची वली. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली पाहा. झाड, पाणी, डोंगर, देव आणि दोन-चार प्रत्यय, एवढ्या भांडवलावर हजारो गावांची नावे ठेवायची, तर ती दुबार येणारच. राजधान्यांच्या बाबतीत शुभ शब्दांची भर पडते. कल्याण, विजय, चंद्र, प्रतिष्ठान. गोदावरीकाठचे आपले पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पण प्रयागजवळ गंगेपलीकडे झूसी आहे, तीही जुनी प्रतिष्ठाननगरीच मानतात.

राजधानीच जेव्हा नाव होते

आपल्याकडे नावे दुबार येतात ती झाडांची, पाण्याची, शुभ शब्दांची. चीनमध्ये याहून मजेदार प्रकार घडला. तिथे 'राजधानी' हा शब्दच नाव झाला. चिनी भाषेत 'जिंग' म्हणजे राजधानी, 'बेइ' उत्तर, 'नान' दक्षिण, 'दोंग' पूर्व. म्हणून बेइजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी आणि नानजिंग म्हणजे दक्षिणेची. मिंग घराण्याने १४२१ साली राजधानी उत्तरेला हलवली, तेव्हापासून ही जोडी पक्की झाली.

मग 'दोंगजिंग', पूर्वेची राजधानी, कुठे आहे? उत्तर सोंग घराण्याच्या काळात, ९६० ते ११२७ या वर्षांत, कायफंग शहराला दोंगजिंग म्हणत. १४३० साली व्हिएतनामच्या राजाने आजच्या हनोईला तेच नाव दिले. व्हिएतनामी उच्चारात ते 'दोंग किन' झाले आणि युरोपियन लोकांनी त्याचे 'टोंकिन' केले. आणि १८६८ साली जपानने एदो शहराला हेच नाव दिले, लिहायचे त्याच दोन चिनी अक्षरांत. जपानी उच्चार झाला तोक्यो, म्हणजे आपले टोकियो! कायफंग, हनोई आणि टोकियो, तीन देशांतल्या तीन राजधान्या, एका नावाच्या. एखाद्या जुन्या चिनी पुस्तकात ही दोन अक्षरे दिसली, तर ते शहर कोणते हे पुस्तकाच्या सालावरूनच सांगता येईल.

चीनमध्ये आपल्या तालुक्यासारखा एक घटक आहे, त्याला 'शियेन' म्हणतात. फूजियेन प्रांतातल्या एका शियेनचे नाव आहे नानजिंग. मातीच्या जाड भिंतींची, चार-पाच मजली, गोल किल्ल्यासारखी घरे तिथे आहेत. एका घरात एका कुळाची कितीतरी बिऱ्हाडे. अशा घरांना २००८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आता तुम्ही वहीत लिहाल, 'नानजिंग : मिंग घराण्याची जुनी राजधानी, गोल मातीची घरे'. आणि दोन गावांची एक खिचडी करून ठेवाल!

चिनी माणसाला हा घोटाळा कधीच होत नाही. त्याच्या दृष्टीने ही नावे वेगळीच आहेत. राजधानीच्या नावातला 'जिंग' तो सपाट, उंच सुरात म्हणतो. तालुक्याच्या नावातला 'जिंग' वरून खाली आपटतो आणि त्याचा अर्थ शांत, सुस्थिर असा आहे. लिहिताना अक्षरही निराळे. त्या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. आपल्या देवनागरीला, आणि रोमन लिपीलाही, ते सूर दाखवायची सोय नाही. त्यामुळे दोन नावे चाळणीतून गाळल्यासारखी एक होऊन बाहेर पडतात. शान्शी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत, त्यांच्यात फरक फक्त सुराचा. रोमन लिपीत लिहिताना एकात मुद्दाम एक 'ए' जास्त घालावा लागला.

हे वाचून हसू नका. इंग्रजीत लिहिलेले 'पाली' तुम्ही कसे वाचाल? पाली की पाळी? आपल्या 'ळ'ची रोमन लिपीत हीच गत होते.

चीनमध्ये खरेखुरे नाव उचलून नेल्याचेही उदाहरण आहे. लोयांग ही अनेक घराण्यांची फार जुनी राजधानी, देशाच्या आतल्या भागात. तिथून कितीतरी दूर, दक्षिणेच्या समुद्रकाठी च्वानचौ शहराजवळ लोयांग नावाची नदी आहे आणि तिच्यावर १०५३ ते १०५९ या वर्षांत बांधलेला दगडी लोयांग पूल आहे. उत्तरेकडून स्थलांतर करून आलेल्यांनी जुन्या राजधानीच्या आठवणीने हे नाव दिले, असे तिथले लोक सांगतात.

घोटाळा निस्तरायचा कसा?

आपल्या पूर्वजांनी यावर घरगुती उपाय काढले होते. शेजारीशेजारी दोन गावे एका नावाची झाली तर मोठे ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. 'बुजुर्ग' म्हणजे मोठा आणि 'खुर्द' म्हणजे लहान. बाजार भरत असेल तर पेठ वडगाव, मावळात असेल तर वडगाव मावळ. पन्हाळ्याच्या पुढचे 'काजी' आणि रत्नागिरीच्या मागचे 'वाडी' हे शब्दही तेच काम करतात.

त्याहूनही जुना एक उपाय आहे आणि मला तो सर्वांत आवडतो. मध्ययुगीन लेखांत प्रदेशांच्या नावांपुढे आकडे येतात. दक्षिणेकडचे कोकण 'कोकण नऊशे' आणि उत्तरेकडचे 'कोकण चौदाशे'. हे आकडे बहुधा गावांच्या संख्येचे असावेत असे मानतात. पण ते काहीही असोत, एका नावाचे दोन प्रदेश आकड्याने वेगळे झाले, हे खरे.

चीनमध्ये प्रजासत्ताक आल्यावर १९१४ साली सरकारने सगळ्या देशातली दुबार नावांची शियेन शोधून काढली. साधारणपणे ज्याचे नाव सर्वांत जुने, त्याच्याकडे ते ठेवले आणि बाकीच्यांना नवी नावे दिली. काम चोख झाले. पण ज्यांची शेकडो वर्षांची नावे एका हुकुमाने गेली त्यांना काय वाटले असेल? आपल्याकडे अशी सरसकट मोहीम झाली नाही, आणि ते बरेच झाले असे मला वाटते. महाराष्ट्रात आजही खेड नावाचे दोन तालुके आहेत, एक पुणे जिल्ह्यात आणि एक रत्नागिरी जिल्ह्यात. पुण्यातल्या खेड गावाला हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर हे नाव मिळाले, तालुका मात्र खेडच राहिला. कर्जतही दोन आहेत, रायगडात आणि अहिल्यानगर जिल्ह्यात.

आपण नावे बदलण्याऐवजी पुन्हा आकड्यांकडे वळलो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतातले कवी-नाटककार होते. सहा आकड्यांपैकी पहिला देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपाल कार्यालय. आता आपली सगळी जुळी गावे या चाळणीत घालून पाहा. कोल्हापूरची कोडोली ४१६ ने सुरू होते, साताऱ्याची ४१५ ने. घाटावरचा पन्हाळा ४१६, दापोलीचा पन्हाळे ४१५. ठाण्याचे कल्याण ४२१, बसवकल्याण ५८५. विदर्भाचे चंद्रपूर ४४२, गोव्याचे चांदोर ४०३. मामाने पत्त्याखाली पहिले तीन आकडे जरी लिहिले असते, तरी पुडके साताऱ्याला उतरले नसते! जनगणनेतही २०११ पासून प्रत्येक गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक आहे.

पण बाराव्या शतकातल्या ताम्रपटावर पिनकोड नाही. तिथे चार सीमाच शोधाव्या लागतात. तेव्हा हा एक प्रयोग वर्गात करून पाहा. तुमच्या गावाचे नाव न लिहिता त्याच्या चार सीमा कागदावर लिहा : पूर्वेला कोणते गाव, पश्चिमेला कोणता ओढा किंवा टेकडी, उत्तरेला काय, दक्षिणेला काय. असे सगळ्यांचे कागद गोळा करून दुसऱ्या वर्गाला द्या आणि तालुक्याच्या नकाशावर ती गावे शोधायला सांगा. शिक्षकांनी त्यात एक कागद मुद्दाम फक्त नावाचा घालावा, 'वडगाव' असा, आणि शोधणाऱ्यांची किती वेळ दमछाक होते ते घड्याळ लावून पाहावे. जमले तर घरचा सात-बाराही काढून बघा. मौजे, तालुका, जिल्हा, गट क्रमांक अशा पायऱ्या त्यावर दिसतील. त्यांतली कोणती पायरी झाकली असता तुमचे शेत दुसऱ्याच गावात जाऊन पडेल, ते शोधून काढा.